बारावीच्या वर्गात विवेकाचा तास

मराठवाड्याच्या शिक्षणात दोन पॅटर्न गाजले. लातूरचा अजून गाजतो आहे. राजर्षी शाहू, दयानंद यांसारख्या महाविद्यालयांनी जादा तास, सराव परीक्षा आणि कडक शिस्त यांच्या जोरावर खेड्यापाड्यातली मुले बोर्डाच्या गुणवत्ता यादीत नेऊन बसवली आणि मेडिकल-इंजिनिअरिंगची वाट त्यांना मोकळी करून दिली. दुसरा पॅटर्न नांदेडचा. 2010 च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम हाती घेतली आणि परीक्षा केंद्रांवर खडा पहारा बसवला. निकाल घसरला, पण खरा निकाल काय असतो ते जिल्ह्याला कळले.

मग 2024 उजाडले. 5 मे रोजी वैद्यकीय प्रवेशाची नीट परीक्षा झाली. जूनमध्ये नांदेडच्या दहशतवादविरोधी पथकाच्या तक्रारीवरून नीटमधल्या गैरप्रकाराबद्दल लातुरात गुन्हा दाखल झाला, त्यात जिल्हा परिषदेच्या दोन शिक्षकांची नावे होती आणि पुढे तपास सीबीआयकडे गेला. दोष कोणाचा ते न्यायालय ठरवील. त्याच महिन्यात परीक्षांतील गैरप्रकारांविरुद्धचा केंद्रीय कायदा लागू झाला. संघटित गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत कैद आणि किमान एक कोटी रुपये दंड. कायदा हवाच होता. पण पहारा उठल्यावर मुलगा काय करील, याचे उत्तर त्या कायद्यात नाही.

ते उत्तर शाळेने शोधायचे असते, आणि नेमक्या त्याच वयात शाळा हात काढून घेते. दहावीपर्यंत परिपाठ असतो, मूल्यशिक्षण असते, मिशनच्या शाळांत मॉरल सायन्सचे पुस्तक असते. अकरावीला हे सगळे गळून पडते. राज्य मंडळाच्या वेळापत्रकात पर्यावरण शिक्षण आणि जलसुरक्षेला जागा आहे, नीतिविचाराला नाही. म्हणून माझे म्हणणे असे: नांदेड-लातूर भागात ज्या कॅथलिक संस्था शाळा आणि कनिष्ठ महाविद्यालये चालवतात किंवा पुढे चालवतील, त्यांनी अकरावी-बारावीला कॅथलिक नीतिशास्त्र शिकवावे. लपूनछपून नको, 'व्यक्तिमत्त्व विकास' असले गुळगुळीत नावही नको. खरे नाव घेऊन शिकवावे. कॅथलिक मुलांना श्रद्धेचा भाग म्हणून, इतरांना विचारपद्धती म्हणून. मी स्वतः कॅथलिक आहे, शिक्षक म्हणून आयुष्य काढले आहे, आणि या मागणीवर कोणते आक्षेप येणार हे मला नीट ठाऊक आहे.

पहिला आणि सर्वांत मोठा आक्षेप धर्मांतराचा. त्याला हसून टाळणे बरोबर नाही. जानेवारी 2020 मध्ये आमच्या शेजारच्या उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला, 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. अध्यक्ष होते फादर फ्रान्सिस दिब्रिटो. हरित वसईसाठी लढलेला, 'सुवार्ता'चे संपादन केलेला, 'सुबोध बायबल' लिहिणारा हा माणूस केवळ धर्मगुरू आहे म्हणून त्याच्या निवडीला विरोध झाला, धमक्या आल्या. ज्याने हयात मराठीत घालवली त्याच्याबद्दल जर ही शंका, तर लातूरच्या एखाद्या फादरने वर्ग घेतला तर काय होईल, हा प्रश्न रास्त आहे. दिब्रिटो 2024 च्या जुलैत गेले. शंका मागे राहिली आहे.

तिचे उत्तर आधी संविधानात आहे. अनुच्छेद 28 सांगतो की पूर्णपणे सरकारी खर्चाने चालणाऱ्या संस्थेत धार्मिक शिक्षण देता येत नाही. मान्यताप्राप्त किंवा अनुदानित संस्थेत विद्यार्थ्याला त्याच्या संमतीशिवाय, तो अल्पवयीन असल्यास पालकाच्या संमतीशिवाय, अशा शिक्षणाला बसवता येत नाही. प्रचाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने स्टॅनिस्लॉस खटल्यात 1977 मध्ये सांगितले. 2002 च्या अरुणा रॉय खटल्यात त्याच न्यायालयाने धर्मांविषयीचे शिक्षण आणि धर्माची दीक्षा यांत फरक केला आणि पहिल्याला मोकळीक दिली. मी मागतो ते या चौकटीत बसते.

दुसरे उत्तर चर्चच्या स्वतःच्या घरातले आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये धर्मस्वातंत्र्यावर जाहीरनामा काढला. श्रद्धेच्या बाबतीत कोणावरही सक्ती करता येत नाही, हे त्याचे सार. चर्चच्या कायद्यातही ते कलम आहे. म्हणजे वर्गातल्या हिंदू किंवा मुसलमान मुलावर आडून दबाव आणणारा शिक्षक भारताच्या संविधानाबरोबर आपल्या धर्माचाही अपराधी ठरतो.

तरीही विरोधकाचा एक मुद्दा शिल्लक उरतो, आणि तो मला पटतो. सतरा वर्षांचे पोर आणि प्रात्यक्षिकाचे गुण हातात असलेली संस्था, या दोघांत संमती कितपत खरी? पालक सही करतात, कारण प्रवेश हवा असतो. म्हणून नुसत्या कागदावर विसंबू नये. अभ्यासक्रम छापून पालकांच्या हातात द्यावा. ज्याला बसायचे नाही त्याच्यासाठी त्याच वेळेला दुसरा वर्ग असावा. तासात प्रार्थना नसावी. गुण नसावेत, शेरा नसावा. इतके केल्यावरही कोणी पालक येऊन मागच्या बाकावर बसू म्हणाला, तर त्याला बसू द्यावे. आजवर आम्ही उलट वागलो. वादाला भिऊन नीतिपाठाचा स्रोत झाकत गेलो आणि सगळ्यांना चालेल असे पांचट काहीतरी शिकवत राहिलो. झाकल्यानेच संशय वाढला.

दुसरा आक्षेप: कॅथलिकच का? बसवेश्वरांचे कायक आणि दासोह लातूर-उदगीरच्या घराघरात आहे. नांदेडला सचखंड गुरुद्वारा आहे, जिथे कष्टाची कमाई आणि वाटून खाणे रोज लंगरात दिसते. वारकरी आहेत, कंधारचा दर्गा आहे. खरे आहे, आणि या तासात त्या सगळ्यांना मानाने बोलवावे. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे ते चर्च नाकारत नाही, हेही 1965 च्याच परिषदेने लिहून ठेवले आहे. पण प्रत्येक परंपरेची एक कमावलेली विद्या असते. कॅथलिक परंपरेची विद्या म्हणजे प्रकरण उकलणे. सोळाव्या शतकात ट्रेंटच्या परिषदेने पापकबुलीच्या वेळी पापाचा प्रकार, संख्या आणि त्याचे स्वरूप बदलणारी परिस्थिती सांगण्याचा नियम घातला. त्यामुळे ऐकणाऱ्या धर्मगुरूंना एकेक प्रसंग सोडवून पाहण्याचे शिक्षण देणे भाग पडले, आणि शेकडो वर्षे त्यावर ग्रंथ रचले गेले. प्रवचनाने मुलांचे डोळे जड होतात. प्रकरण समोर ठेवले की तीच मुले हमरीतुमरीवर येतात.

एका वर्गात मी असे प्रकरण ठेवले होते. परीक्षेच्या आदल्या रात्री मोबाइलवर प्रश्नपत्रिकेचा फोटो येतो. उघडायचा की नाही? मागून एक मुलगा म्हणाला, "मी काय पेपर फोडला का सर? आलेलं पाह्यलं फक्त." दुसरा म्हणाला, "बापानं कर्ज काढून क्लास लावलाय. नंबर नाही लागला तर त्यांनी काय करावं?" मी फळ्यावर तीन रकाने पाडले: कृती, हेतू, परिस्थिती. कॅथलिक विचारात कुठलेही कृत्य या तीन अंगांनी तपासतात. बापाचे कर्ज ही परिस्थिती. तिने दोषाचे वजन कमी होऊ शकते. बापाला सुख द्यावे हा हेतू चांगला. पण चांगल्या हेतूने वाईट कृती चांगली होत नाही. इथे वर्ग तापला. मग मी पुढचा भाग काढला, सहभागाच्या पायऱ्यांचा. ज्याने पेपर फोडला, ज्याने पैसे घेतले, ज्याने झेरॉक्स काढून दिली, ज्या पालकाने रक्कम मोजली, ज्याने नुसते पाहिले आणि ज्याने पाहून कोणाला सांगितले नाही, या सगळ्यांचा वाटा सारखा नाही. कोणाला त्या वाईटाचीच इच्छा होती आणि कोण नुसता हात लावून गेला, हा भेद मुले स्वतः करू लागली.

शेवटी भरपाईचा प्रश्न आला. सातवी आज्ञा चोरी करू नको सांगते आणि परंपरा पुढे जाऊन म्हणते की घेतलेले परत करावे लागते, नुसती कबुली पुरत नाही. मेडिकलची जागा परत कशी करणार? ती जागा किनवटच्या किंवा मुखेडच्या ज्या पोरीची होती तिचे नावही ठाऊक नसते. पुढच्या रांगेतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे सर, काही गोष्टी परत देताच येत नाहीत." तिला मी काही शिकवले नव्हते. तिने विचार केला होता.

घरूनच संस्कार येतात, शाळेत कसली नीती शिकवता, असे म्हणणाऱ्यांना मी हाच प्रसंग सांगतो. घरून संस्कार येतात हे कबूल. पण पेपरसाठी पैसे मोजणारेही घरच असते. आणि विज्ञान शाखेच्या कितीतरी मुलांचा अकरावीचा प्रवेशच डमी असतो: नाव एका कनिष्ठ महाविद्यालयात, शरीर दिवसभर शिकवणीत, हजेरी कागदावर. हा प्रकार इतका बोकाळला की 2018 मध्ये राज्य शासनाला विज्ञान शाखेसाठी बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढावा लागला. प्रौढपणाच्या उंबरठ्यावर मुलगा जी पहिली सही करतो ती खोट्यावर, आणि ती करायला आईबापच शेजारी उभे असतात. अशा वेळी घराबाहेरचे कोणीतरी बोलायला हवे.

वेळ नाही, हा आक्षेप दोन ओळींत संपतो. आठवड्याला एक तास. ज्या शहरात रविवारीही सराव परीक्षा असते, इतकी की कॅथलिक मुलांची मिस्सा दोन-दोन वर्षे सुटते, तिथे चाळीस मिनिटे निघत नाहीत असे नाही; काढायची नसतात.

कॅथलिक नीती म्हणजे लैंगिक बंधनांची यादी, असे बऱ्याच जणांना वाटते, आणि आमच्या काही शिक्षकांनी ती समजूत पक्की केली आहे. शरीर, प्रेम, विवाह यांवर चर्चचे म्हणणे आहे आणि ते तरुणांपुढे स्पष्ट मांडावे, प्रश्न विचारू द्यावेत. पण 1891 मध्ये पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर परिपत्रक काढले, ते याच परंपरेतले. मजुराने नाइलाजाने कबूल केली म्हणून मजुरी न्याय्य ठरत नाही, तिच्यात त्याचे पोट भरले पाहिजे, असे त्यात ठणकावले आहे. हे ऊसतोड कामगारांच्या जिल्ह्यांत शिकवायचे नाही तर कुठे? उचल घेऊन मुकादमाच्या दारात बांधले गेलेले कुटुंब वर्गातल्याच कोणाचे तरी असते. 2016 मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पृथ्वीवरची संपत्ती सर्वांसाठी आहे, खासगी मालकी त्यानंतर येते, हे तत्त्व उसाच्या पाण्याला लावून पाहा म्हटले तर बागायतदाराचा मुलगा आणि टँकरच्या रांगेत उभा राहिलेला मुलगा समोरासमोर येतील. यावेत.

आणि वैद्यक. लातूर-नांदेडच्या शिकवण्यांतून दरवर्षी डॉक्टर घडतात. शेजारच्या बीड जिल्ह्यात 2011 च्या जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे 807 मुली होत्या. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा 1994 चा. त्याच जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न 2019 मध्ये विधिमंडळात गाजला. यंत्रामागे आणि चाकूमागे जे हात असतात ते कधीतरी बारावीत जीवशास्त्रात उत्तम गुण मिळवून गेलेले असतात. माणसाचे मोल त्याच्या उपयोगावर ठरत नाही, गर्भातल्या मुलीचे नाही, म्हाताऱ्याचे नाही, फाशी झालेल्याचेही नाही, ही शिकवण त्यांना एम.बी.बी.एस.च्या आधी मिळायला हवी. फाशीचा उल्लेख मुद्दाम केला. 2018 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी कॅथलिक धर्मशिकवणीतला मृत्युदंडावरचा परिच्छेद बदलून तो अस्वीकार्य ठरवला. आत्महत्या करणाऱ्याला चर्चच्या दफनविधीपासून दूर ठेवणारा जुना नियमही 1983 च्या धर्मविधिसंहितेत राहिला नाही. मनाच्या यातनेत दोष कमी होतो, हे आता शिकवले जाते. ज्या शहरांत निकालाच्या दिवसांत आईबापांचा जीव टांगणीला लागतो, तिथे मुलांना हेही कळू द्यावे.

उरला तो सर्वांत बोचरा प्रश्न: नीती शिकवणारे तुम्ही कोण? लहान मुलांवर धर्मगुरूंनी केलेले अत्याचार जगभर उघडे पडले, ते झाकणारे बिशप निघाले. भारतातल्या चर्चमध्ये जात आहे, हे बिशपांच्या परिषदेने 2016 च्या दलित सबलीकरण धोरणात मान्य केले. मराठवाड्यातल्या ख्रिस्ती माणसाला हे धोरण वाचून कळायचे नव्हते. त्याच्या आजोबांनी ते सोसले होते. यातले काहीही मी नाकारत नाही. पण या गुन्ह्यांना गुन्हा म्हणण्याची मोजपट्टी कुठली? दुर्बळाला इजा करणाऱ्याला ख्रिस्ताने ज्या शब्दांत फटकारले तीच. जो तास ही प्रकरणे वर्गात आणणार नाही, तो घेऊच नये. 2019 मध्ये रोमने अत्याचाराची तक्रार वर कळवणे धर्मगुरूंवर बंधनकारक केले. तो नियम मुलांना सांगावा, आणि तक्रार पोलिसांतही कशी करायची तेही सांगावे.

सुरुवात येत्या जूनपासून करता येईल. त्यासाठी फादर किंवा सिस्टरच हव्यात असे नाही. प्रकरण उकलण्याचे शिक्षण घेतलेला कोणताही शिक्षक चालेल, तो कॅथलिक नसला तरी चालेल, मात्र मुलाने "पण सर" म्हटल्यावर त्याला खाली बसवणारा नको. पहिले प्रकरण डमी प्रवेशाचे घ्यावे. संस्थेने त्याआधी आपला हजेरीपट तपासून घ्यावा, कारण 'आपल्या कॉलेजात हे होतं का?' हा प्रश्न पहिल्या पाच मिनिटांत येईल, आणि त्याचे खरे उत्तर देता आले पाहिजे.