पादुकांचे पूजन आणि पायांची उपेक्षा

माझे बालपण पंढरपुरात, प्रदक्षिणा मार्गालगतच्या एका जुन्या वाड्यात गेले. आषाढ शुद्ध दशमी जवळ आली की वाड्याच्या ओसरीवर, सोप्यात, परसदारी, जेथे म्हणून पथारी पसरता येईल तेथे वारकरी उतरत. पहाटेपासून तांब्याचा बंब धडधडत असे आणि उंबरठ्याशी पितळेचे घंगाळ मांडलेले असे. आलेल्या माऊलीच्या मुखाकडे पाहण्याआधी माझी आई तिच्या पायांकडे पाही. कोमट पाण्याने पाय धुणे, बोटांच्या बेचक्यांतून फडके फिरवून ते कोरडे करणे, भेगांना कोकमाचे तेल लावणे, हे सारे ती देवपूजेच्या आधी उरकून घेई. आम्हां मुलांकडे पाणी आणण्याचे काम असे. त्या वयात मी संतांचे अभंग पाठ केले ते पुढे. आधी पाहिले ते पाय. चिखलाने पांढरे पडलेले, टाचेला बोट शिरेल एवढ्या भेगा असलेले, अंगठ्याचे नख काळेनिळे झालेले पाय.

पुढे संस्कृताचे अध्ययन झाले, कीर्तनाची परंपरा अंगीकारली, कित्येक वर्षे आळंदीहून पायी चाललो. आज साठी उलटल्यावर, या पर्वाच्या निमित्ताने एक गोष्ट स्पष्टपणे लिहावीशी वाटते. वारीत पायांचे जे हाल होतात त्यांचा आम्ही कीर्तनकारांनी उगाच गौरव केला आहे, आणि त्या गौरवाची किंमत भोळ्या माणसांनी मोजली आहे. हा आरोप मी प्रथम स्वतःवर करतो.

२०११ सालची वारी. नातेपुत्याच्या मुक्कामी एका दिंडीच्या राहुटीत माझे कीर्तन होते. दिवसभर पाऊस झालेला, माणसे थकलेली. श्रोत्यांना उभारी यावी म्हणून मी म्हणालो, पायाला आलेले फोड म्हणजे पांडुरंगाला वाहिलेली फुले होत. ही फुले ज्याने मिरवली त्याने वारीची पूजा बांधली. टाळांचा कल्लोळ झाला. वक्त्याला हवी असते ती दाद मिळाली आणि मी समाधानाने निजलो.

त्या श्रोत्यांत परभणीकडचे एक वृद्ध शेतकरी होते. त्यांना बरीच वर्षे मधुमेह होता; दिंडीत ते कोणास ठाऊक नव्हते. जवळच्या गोळ्या लोणंदलाच संपल्या होत्या. उजव्या पायाच्या बोटांखाली वहाणेच्या टाचणीने जखम झाली होती, पण वेदना जाणवत नसल्यामुळे त्यांनी तिकडे लक्ष दिले नाही, आणि माझे कीर्तन ऐकल्यावर तर ती त्यांनी फडक्यात गुंडाळून झाकली. तीन दिवसांनी वेळापूरच्या पुढे दुर्गंधी येऊ लागली तेव्हा वीणेकऱ्यांनी हट्टाने फडके सोडविले. त्यांना रुग्णालयात न्यावे लागले आणि तेथे पायाची दोन बोटे काढावी लागली. एकादशीच्या दिवशी ते खाटेवर होते. मी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "महाराज, तुम्हीच सांगितलं व्हतं न्हवं का, फोड म्हंजी देवाची फुलं. देवाची फुलं कशाला कुनाला दावायची, म्हनून झाकून ठिवली."

त्या स्वरात तक्रार नव्हती, म्हणूनच ते ऐकवले नाही. त्यानंतर ते वाक्य मी कोठेही उच्चारलेले नाही; परंतु तशाच आशयाची वाक्ये दरवर्षी अनेक राहुट्यांतून माझ्या कानी येतात.

वस्तुतः आपल्या संप्रदायाइतका पायांचा महिमा दुसरीकडे क्वचितच आढळेल. पालखीत संतांची मूर्ती नसते, पादुका असतात. वारकरी एकमेकांच्या पाया पडतात, त्यात लहानथोर असा भेद नसतो. मंदिरात भाविक विठुरायाच्या चरणांवर मस्तक टेकवतो, आणि या स्पर्शाने मूर्तीची झीज होते म्हणून २०२० साली मूर्तीस वज्रलेप करण्यात आला. देवाच्या पायांची झीज आपणांस दिसते, तिची चिंता होते, तज्ज्ञ बोलावले जातात. मग आळंदीपासून सुमारे २५० किलोमीटर चालून त्या चरणांपाशी येणाऱ्या पायांकडे पाहताना आपली दृष्टी एकाएकी पारमार्थिक का व्हावी?

शास्त्राचा आधार काढू पाहणाऱ्यांना शास्त्रही साथ देत नाही. गीतेच्या सतराव्या अध्यायात शरीराला व्यर्थ पीडा देणाऱ्या तपाची गणना भगवंतांनी आसुरी निश्चयात केली आहे. कालिदासाच्या कुमारसंभवात तप करणाऱ्या पार्वतीला बटुवेषातील शंकर जे बोलतात त्याचा आशय असा की, धर्म साधावयाचा तो प्रथम या शरीरानेच. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात पाचव्या अध्यायात तर पायांना तेल लावणे आणि पादत्राण घालणे यांचा स्वतंत्र विचार आहे. पादाभ्यंगाने पायांचा खरखरीतपणा, ताठरपणा, थकवा जातो असे सांगताना आचार्यांनी 'सुप्ति' हा एक शब्द योजला आहे. सुप्ति म्हणजे पायांचे निजणे, बधिरपणा. त्या वृद्ध शेतकऱ्याच्या खाटेपाशी उभा असताना मला हा शब्द आठवला. तथापि येथे एक खुलासा आवश्यक वाटतो. मधुमेहाने नसा दुर्बळ होऊन येणारा बधिरपणा तेलाने जात नाही; त्याला वैद्यकीय उपचार आणि रोज डोळ्यांनी पाय तपासणे हाच मार्ग आहे. ज्याला चटका कळत नाही त्याने तापल्या रस्त्यावर अनवाणी चालणे ही भक्ती नसून प्रमाद आहे.

अनवाणी चालण्याचा नेम असलेल्यांविषयी माझ्या मनात आदर आहे. माझे वडील आयुष्यभर अनवाणी चालले. पण त्यांच्या पायांना बारा महिने मातीची सवय होती, आणि त्यांची वाट बव्हंशी मातीची, कडेला बाभळी असलेली होती. आज पालखी महामार्ग रुंद झाला, वाहतूक सुलभ झाली, हे चांगलेच आहे. परंतु डांबर आणि सिमेंट दुपारी कसे तापते आणि किती कठीण लागते ते ज्याचे पाय वर्षभर बूट-मोज्यांत राहिले त्याने पुण्याहून निघतानाच समजून घ्यावे. पुणे ते सासवड ही दिवेघाटाची मजल सुमारे ३० किलोमीटरांची. पहिल्या उमाळ्यात ती पार होते आणि खरे फोड पुढे जेजुरीच्या वाटेवर बोलू लागतात. नवी कोरी पादत्राणे वारीसाठी म्हणून आदल्या दिवशी विकत घेणारे तर या फोडांना निमंत्रणच देतात. महिनाभर आधी ती पायांत घालून रोज थोडे चालावे, नखे सरळ कापावीत, दोन जोड सुती मोजे जवळ ठेवावेत, एवढे सांगितले म्हणजे कीर्तनाचा रसभंग होतो असे मला वाटत नाही.

आपल्या काही रीतीही तपासून पाहण्याजोग्या आहेत. फोडातून सुईने दोरा ओवून पाणी काढण्याची पद्धत राहुट्यांतून सर्रास दिसते. न धुतलेली सुई, मळका दोरा आणि पायाखाली चिखल, मग पू होईल नाही तर काय! फोड शक्यतो फोडू नये. आपणहून फुटला तर वरची कातडी ओढू नये, स्वच्छ पाण्याने धुऊन कोरडी पट्टी बांधावी. घोटा मुरगळला की त्याच रात्री कोणा जाणत्याकडून तो कडकडून चोळून घेतात. त्याने सूज वाढते. थंड पाण्याची पट्टी, पाय उशाशी घेतलेल्या वळकटीवर उंच ठेवणे आणि एक दिवस विसावा, हे अधिक हितकर. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या होतात त्यांना कोरडेपणासारखे औषध नाही. माझी आई हे कोणा डॉक्टरांच्या सांगण्यावाचून जाणत होती.

स्त्रियांची स्थिती वेगळी आणि अधिक बिकट आहे. पहाटे तीनला उठून पाण्याच्या टँकरपाशी रांग, मग स्वयंपाकाला हातभार, ओले लुगडे तसेच अंगावर, त्याच्या काठाने घोटे सोललेले. संध्याकाळी मुक्कामावर पुरुष मंडळी पाय पसरून तेल चोळून घेतात; बायकांची पाळी येते तेव्हा कंदील विझवायची वेळ झालेली असते. गेल्या कित्येक वर्षांत वाटेवर फिरती वैद्यकीय पथके, रुग्णवाहिका, पाय चोळून देणारे तरुण, वहाणा विनामूल्य शिवून देणारे कारागीर असे पुष्कळ सेवेकरी दिसतात आणि त्यांना पाहून ऊर भरून येतो. पण त्यांच्यापुढे पाय करण्यास माऊली संकोचतात. सेवा करणे आपणांस शिकविले गेले आहे, ती घेणे नाही.

काही अपघात पायांच्या काळजीने टळणारे नसतात हेही मान्य केले पाहिजे. २०१९ च्या नोव्हेंबरात कार्तिकीसाठी आळंदीस निघालेल्या दिंडीत दिवेघाटात माती खोदण्याचे अवजड यंत्र शिरले आणि वारकरी प्राणास मुकले. तेथे प्रश्न रस्त्याचा, वाहनांचा आणि शासनाच्या दक्षतेचा होता. तशा प्रसंगी दैवाला बोल लावून मोकळे होणे हीदेखील फोडांना फुले म्हणण्याचीच एक जात आहे.

मग दिंडीने काय करावे? नवी समिती नको, नवा निधीही नको. ज्ञानेश्वर महाराजांच्या सोहळ्यात दर मुक्कामी समाज आरती होते. चोपदार दंड उंचावतात आणि क्षणापूर्वी दुमदुमणारा तळ निःशब्द होतो. ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती मात्र टाळ वाजवीत राहते, चोपदार तिच्यापाशी जातात, गाऱ्हाणे ऐकतात. हरवल्या-सापडल्या वस्तूंची वर्दीही तेथेच दिली जाते. एवढी सुंदर न्यायसभा दुसऱ्या कोणत्या यात्रेत असेल असे मला वाटत नाही. तेथे कोणाची पिशवी हरवली ते कळते, कोणाचा तांब्या सापडला ते कळते. तळावरून दिंडी राहुटीत परतल्यावर, हरिपाठापूर्वी किंवा जेवणानंतर, विणेकऱ्यांनी बॅटरी घेऊन प्रत्येकाचे तळपाय पाहावेत, मधुमेही कोण, गोळ्या कोणाच्या संपल्या, याची टाचणवहीत नोंद ठेवावी. ज्याचा पाय चालण्याजोगा नाही त्याला दिंडीच्या सामानाच्या ट्रकमध्ये बसवावे आणि त्याची चेष्टा करू नये. एक मजल वाहनात गेली म्हणून वारी खंडित होते असे कोणत्याही संताने सांगितल्याचे माझ्या वाचनात नाही. २०२० साली महामारीत प्रत्यक्ष माऊलींच्या पादुका एस. टी. च्या बसमधून पंढरीस आल्या, तेव्हा वारी झाली नाही असे कोण म्हणेल?

मला विरोध करणारे स्नेही आहेत. ते म्हणतात, अशाने वारीची सहल होईल. आधीच घाटात छायाचित्रे काढून परत फिरणारे थोडे आहेत काय? त्यांची भीती निराधार नाही. परंतु सहलीला आलेला मनुष्य फोड आला की घरी जातो. जखम झाकून चालत राहतो तो निष्ठावंतच. माझे सांगणे त्याच्यासाठी आहे, आणि त्याच्यासमोर उभे राहून बोलणाऱ्या माझ्या बंधूंसाठी आहे.

ते परभणीकडचे बाबा त्यानंतर पायी आले नाहीत. त्यांचा नातू मात्र आता त्याच दिंडीत चालतो. गेल्या आषाढीस दशमीच्या रात्री तो आमच्या वाड्यात आला, भिजलेला, भुकेलेला. मी आत जेवायला चल म्हणालो तर तो उंबरठ्याशीच थबकला. "आज्यानं सांगितलंय, आधी महाराजांना पाय दाखव, मग वर ये," असे म्हणत त्याने संकोचून मोजे काढले. डाव्या टाचेला एक फोड होता, न फुटलेला, वर स्वच्छ पट्टी. आईचे घंगाळ अजून आमच्याकडे आहे. मी सुनेला बंबात पाणी आहे का ते पाहावयास सांगितले.