व्हेनिसमध्ये हुसेन चालतात, मुंबईत पोलीस बंदोबस्त लागतो

इटलीतल्या व्हेनिस शहरात १८९५ पासून भरणाऱ्या आंतरराष्ट्रीय कला प्रदर्शनात, म्हणजे व्हेनिस बिएनालेत, यंदा भारताचं अधिकृत दालन आहे. सात वर्षांच्या खंडानंतर. सांस्कृतिक मंत्रालय, नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटर आणि सेरेंडिपिटी आर्ट्स या तिघांच्या भागीदारीतून ते उभं राहिलं. मांडणी अमीन जाफर यांची. पाच कलाकारांमध्ये बांबू आणि टाकाऊ सामानातून मोठमोठ्या रचना उभ्या करणारे आसिम वाकिफ आहेत. विषय आहे दूर गेलेल्या घराची आठवण.

बातमी आनंदाचीच आहे, त्यात वाद नाही. पण आपल्या मराठी मुस्लिम वाचकाला वाटेल, आपल्याकडे मॉब लिंचिंगपासून वक्फपर्यंत एवढे प्रश्न असताना हे चित्रांचं काय घेऊन बसलात? आम्हाला वाटतं, घेऊन बसायला हवं. देश परदेशात स्वतःची ओळख करून देताना कोणाचं नाव पुढे करतो आणि घरी त्याच नावाशी कसा वागतो, हे अशा ठिकाणी स्पष्ट दिसतं.

जरा मागे जाऊ. भारताचं व्हेनिसमधलं पहिलं अधिकृत दालन २०११ चं. ललित कला अकादमीचा पुढाकार होता, मांडणी मुंबईचे रणजित होस्कोटे यांची. त्यात झरीना हाशमी होत्या. जन्म १९३७ चा, अलीगढचा. फाळणीनंतर कुटुंब विखुरलं, स्वतः आयुष्यभर देशोदेशी फिरल्या. त्यांच्या एका प्रसिद्ध मालिकेत ३६ लाकडी ठसे आहेत आणि प्रत्येकाखाली नस्तालीक लिपीत एकेक उर्दू शब्द आहे. घर, उंबरठा, अंतर अशा जातीचे शब्द. जगातली मोठी संग्रहालयं आज या बाईंचं काम जपून ठेवतात. इकडे अकोला जिल्ह्यातल्या पातूर नगरपरिषदेच्या पाटीवर मराठीखाली उर्दूत नाव लिहिलं, तर ते काढून टाका म्हणून प्रकरण थेट सर्वोच्च न्यायालयात गेलं. एप्रिल २०२५ मध्ये न्यायालयाने पाटी राहू दिली, उर्दू ही इथलीच भाषा आहे हेही सांगितलं. न्याय मिळाला, पण एका पाटीसाठी दिल्लीपर्यंत जावं लागलं.

दुसरं दालन २०१९ चं. गांधीजींच्या दीडशेव्या जयंतीनिमित्त. सरकारसोबत उद्योगपतींची संघटना सीआयआय आणि दिल्लीचं किरण नाडर कला संग्रहालय भागीदार होतं. त्या दालनात नंदलाल बोस होते, अतुल डोडिया होते, जितीश कल्लाट होते. आणि एम. एफ. हुसेन होते!

पंढरपुरात जन्मलेले, मुंबईत सिनेमाची होर्डिंग्ज रंगवून पोट भरलेले हे हुसेन. शेकडो तक्रारी आणि धमक्यांमुळे २००६ मध्ये देशाबाहेर गेले. मे २००८ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांच्यावरचे अश्लीलतेचे खटले रद्द केले. सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय बदलला नाही. तरी ते परत येऊ शकले नाहीत. २०१० मध्ये त्यांनी कतारचं नागरिकत्व घेतलं आणि जून २०११ मध्ये लंडनमध्ये त्यांचं निधन झालं. म्हणजे ज्या माणसाला भारताचा पासपोर्ट परत करावा लागला, त्यालाच आठ वर्षांनी भारताने आपला प्रतिनिधी म्हणून व्हेनिसला नेलं. मेल्यावर कलाकार सोयीचा होतो, असं कोणी म्हटलं तर त्याला काय उत्तर द्यायचं?

बरं, मेल्यावरही सोयीचा होतोच असं नाही. २०२५ हे एकच वर्ष पाहा. जानेवारीत दिल्लीच्या न्यायालयाने एका गॅलरीतली हुसेन यांची दोन चित्रं जप्त करण्याचा आदेश दिला. मार्चमध्ये न्यूयॉर्कच्या क्रिस्टीज लिलावात त्यांचं १९५४ चं ‘ग्रामयात्रा’ सुमारे १.३८ कोटी डॉलरला, म्हणजे जवळपास ११८ कोटी रुपयांना विकलं गेलं. आधुनिक भारतीय चित्रासाठी तोवरची ती सर्वांत मोठी किंमत. जूनमध्ये मुंबईत न्यायालयाच्या परवानगीने त्यांच्या २५ चित्रांचा लिलाव व्हायचा होता, तर आंदोलनाचा इशारा आला आणि बाहेर पोलीस उभे करावे लागले. नोव्हेंबरमध्ये दोहात कतार फाउंडेशनने ‘लौह व कलम’ हे फक्त हुसेन यांच्यासाठीचं संग्रहालय उघडलं. त्याच कतारने व्हेनिसच्या जुन्या बागेत, जिथे मोजक्या देशांची पक्की दालनं आहेत, स्वतःचं कायमचं दालन मंजूर करून घेतलंय. भारताला तिथे कायमची जागा नाही, दर वेळी जागा भाड्याने घ्यावी लागते. पैशाची कमतरता आहे असं कोणी म्हणणार नाही. कमी आहे ती इच्छा आणि सातत्य. २०११ ते २०२६ या काळात तीनच अधिकृत दालनं, मधल्या प्रत्येक वेळी गैरहजेरी.

अशा वेळी खाजगी भागीदार लागतात, आणि त्यांना नुसतं नावं ठेवणं आम्हाला पटत नाही. २०१५ मध्ये ना भारताचं दालन होतं ना पाकिस्तानचं. तेव्हा दिल्लीच्या गुजराल फाउंडेशनने व्हेनिसमधल्या एका जुन्या वाड्यात मुंबईच्या शिल्पा गुप्ता आणि लाहोरचे राशिद राणा यांचं काम एकत्र मांडलं. दोन्ही सरकारांना जे जमलं नसतं ते एका खाजगी संस्थेने करून दाखवलं. दुसरं उदाहरण नसरीन मोहमदी यांचं. कराचीत जन्म, मुंबईत वाढल्या, बडोद्याला शिकवलं, १९९० मध्ये अलिबागजवळ किहीमला वारल्या. कागदावर पेन्सिल-शाईने ओढलेल्या सरळ रेषा, बस्स. हयातीत फार थोड्यांना कळल्या. पुढे किरण नाडर संग्रहालय, माद्रिदचं रेइना सोफिया आणि न्यूयॉर्कचं मेट या तिघांनी मिळून त्यांचं काम जगापुढे ठेवलं, आणि मार्च २०१६ मध्ये मेटची नवी इमारत ज्या प्रदर्शनांनी उघडली त्यात एक होतं नसरीन यांचं. मुस्लिम घरातली एक मुलगी, कुठलाही गाजावाजा नाही, मेटच्या भिंतीवर! (त्यांना लगेच ‘इस्लामी कलाकार’ ठरवायची घाई मात्र नको. त्यांच्या रेषा त्यांच्याच होत्या.)

पण भागीदारीला एक दुसरी बाजू असते. जो पैसे देतो तो निवडतो, निदान निवडीवर त्याची सावली पडते. सरकार आणि उद्योगसमूह एकत्र बसले की विषय बहुधा गोड निघतो. घर, आठवण, निसर्ग, करुणा. २०१९ च्या दालनात रुमाना हुसेन यांचं काम होतं. बाबरी मस्जिद पाडली गेल्यावर त्यांनी आपली चित्रकलाच बदलली. फुटलेली मडकी, गेरू, नीळ घेऊन त्या तुटलेल्या विश्वासाबद्दल बोलत राहिल्या आणि १९९९ मध्ये वयाच्या पन्नाशीआधीच गेल्या. त्यांना व्हेनिसला नेलं ही चांगलीच गोष्ट. पण आज एखाद्या तरुण कलाकाराने बुलडोझरने पाडलेल्या घरावर काम केलं, तर त्याला ‘घराची आठवण’ या विषयात जागा मिळेल का? आम्हाला शंका आहे. निवड समितीत कोण, निकष काय, कोणी किती पैसे दिले, हे जाहीर झालं तर शंका घ्यायचं कारणच उरणार नाही. दालन देशाच्या नावाने आहे, कंपनीच्या नाही.

थोडं आपल्याकडेही बघायला हवं. समाजात चित्रकलेबद्दल संकोच आहे. त्यामागे दीनी चर्चा आहे, तिचा आदर ठेवूनच बोलतो. पण खत्ताती आणि भौमितिक नक्षी यांवर तर कोणाचा आक्षेप नाही. हज यात्रेकरूंसाठी बांधलेल्या जेद्दाहच्या टर्मिनलमध्ये २०२३ पासून इस्लामी कला बिएनाले भरतेय, आणि भारताच्या यंदाच्या दालनाचे अमीन जाफर २०२५ च्या त्या प्रदर्शनाच्याही कला संचालकांपैकी एक होते. आपल्या शैक्षणिक ट्रस्टच्या शिष्यवृत्त्या मात्र डॉक्टर-इंजिनिअरवर थांबतात. जे.जे. स्कूल ऑफ आर्टला जाऊ पाहणाऱ्या पोराला घरचे विचारतात, खाणार काय? प्रश्न चुकीचा नाही, पण त्यावर ट्रस्टकडे काहीतरी उत्तर हवं.

व्हेनिसचं दालन २२ नोव्हेंबरला बंद होईल, मग ही कामं परत येतील. मुंबईत काळा घोड्याजवळ राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आहे, मंत्रालयाच्याच अखत्यारीतलं. तिथे ही पाचही कलाकारांची कामं महिनाभर लावावीत, माहितीच्या पाट्या इंग्रजी-हिंदीबरोबर मराठी आणि उर्दूतही असाव्यात, आणि शाळांना तिकीट नसावं. मुंब्रा, भिवंडी, मालवणीची मुलं लोकलने तासा-दीड तासात तिथे पोहोचतात.