मोर्मन पंथ आणि आपले पितर

गेल्या पितृपंधरवड्यांत आमच्या नेरूळच्या घरीं एक निराळाच वाद निघाला. थोरला पुतण्या घराण्याची वंशावळ जुळवीत बसला होता. 'फॅमिलीसर्च' या संकेतस्थळावर हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांचीं छायाचित्रें पाहावयास मिळतात व तें संकेतस्थळ अमेरिकेंतील मोर्मन पंथ चालवितो, असें त्यानें सांगितलें. आत्याबाई चटकन् म्हणाल्या, "अरे, पण त्या परक्यांना आपल्या वाडवडिलांचीं नांवें हवींत कशाला?" प्रश्न मार्मिक होता.

या पंथाचा संस्थापक जोसेफ स्मिथ हा न्यूयॉर्क संस्थानांतील एका शेतकऱ्याचा मुलगा. देवदूतानें दाखविलेल्या सुवर्णपत्रांवरून आपण 'मोर्मनचा ग्रंथ' भाषांतरिला, असें तो सांगे. १८३० सालीं ग्रंथ छापला गेला व त्याच वर्षीं पंथ स्थापन झाला. १८४४ सालीं जमावानें त्याला तुरुंगांत ठार केलें. पुढें ब्रिगहॅम यंगनें अनुयायांना १८४७ सालीं यूटाच्या ओसाड प्रदेशांत नेलें. मद्य, तंबाखू, चहा व कॉफी त्यांस वर्ज्य. उत्पन्नाचा दशमांश धर्मास द्यावयाचा. बहुपत्नीकत्व त्यांनीं १८५२ सालीं उघडपणें पुकारलें व १८९० सालीं सोडल्याचें जाहीर केलें.

हा पंथ आपल्याकडे नवा नाहीं. १८५२ सालींच ह्यू फिंडले नांवाचा त्यांचा प्रचारक मुंबईस उतरला व पुण्यासही गेला. लहानशी मंडळी त्यानें जमविली. परंतु कार्य रुजलें नाहीं व १८५५ सालीं तो परतला.

आतां आत्याबाईंच्या प्रश्नाकडे वळूं. कुटुंबाचें नातें मरणानंतरही टिकतें, अशी या लोकांची श्रद्धा आहे. म्हणून ज्या पूर्वजांस बाप्तिस्मा मिळाला नाहीं, त्यांच्यावतीनें जिवंत वंशज मंदिरांत तो घेतो; स्वीकारावा कीं नाकारावा, हें मृतात्म्यानें ठरवावयाचें. वंशावळींचा हा सारा खटाटोप त्यासाठीं. नाझींनीं मारलेल्या ज्यूंचीं नांवें या विधींत आल्यामुळें ज्यू समाज दुखावला व १८९५ नव्हे, अगदीं अलीकडे, १९९५ सालीं तें थांबविण्याचा करार झाला.

मृतांविषयींचा हा जिव्हाळा आपणांस परका वाटूं नये. तर्पणांत आपणही निर्वंशांस पाणी देतों. भेद इतकाच कीं, आपण पितरांस तृप्ति इच्छितों, त्यांचा धर्म बदलूं पाहत नाहीं. पूर्वजांवर प्रेम करण्याचा अधिकार वंशजांचा. परंतु ज्यांचे ते पूर्वज नव्हेत, त्यांनीं तेथें हात आंखडता घ्यावा, हेंच उचित.

वाद मिटवितांना आत्याबाईंनीं पुतण्यास विचारलें, "तुझ्या पणजीच्या आईचें नांव सांग बरें." तो गप्प, आम्ही सारेच गप्प. मग त्यांनींच तें सांगितलें आणि कोरी वही पुढें केली. "परक्यांनीं लिहिलें म्हणून रागावूं नका, आपण लिहिलें नाहीं, याची लाज धरा."

त्या रात्रीं वहीचीं पहिलीं चार पानें भरलीं.