अपघातग्रस्तांपुढे सहा महिन्यांची भिंत

रस्ता अपघातात जखमी झालेल्या माणसाला भरपाई मागण्यासाठी किती अवधी द्यावा, या प्रश्नावर आपल्या कायद्याने आजवर दोनदा कोलांटी मारली आहे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात सहा महिन्यांची मुदत होती; सबळ कारण असल्यास अपघातापासून बारा महिन्यांपर्यंतचा अर्ज स्वीकारण्याचा अधिकार न्यायाधिकरणाला होता. १९९४ च्या दुरुस्तीने ही मुदतच रद्द केली. पुढे २०१९ च्या दुरुस्तीने ती पुन्हा आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून ती लागू झाली. मात्र परत आली ती केवळ मुदत. उशीर माफ करण्याची जुनी तरतूद परत आली नाही.

उशिरा येणाऱ्या दाव्यांत पुरावा विरळ होतो, बनावट दाव्यांना वाव मिळतो, हा विमा कंपन्यांचा आक्षेप अगदीच निराधार नाही. पण सहा महिन्यांत अपघातग्रस्ताच्या घरी काय चाललेले असते? हाड मोडलेल्या माणसावर दुसरी शस्त्रक्रिया व्हायची असते. अपंगत्व कायमचे आहे की नाही, हे डॉक्टरांनाही उपचार संपल्याखेरीज सांगता येत नाही. कर्ता माणूस गेला असेल, तर घरच्यांना पंचनाम्याची प्रत, वाहनमालकाचे नाव, विम्याचा तपशील यांसाठी पोलीस ठाण्याचे उंबरठे झिजवावे लागतात. अशा वेळी वकील शोधण्याचे सुचतेच असे नाही.

इतर कायद्यांशी तुलना केली, तर ही कठोरता अधिकच खटकते. ग्राहक आयोगाकडे जाण्यासाठी दोन वर्षे मिळतात. रेल्वे अपघातातील प्रवाशाला एक वर्ष मिळते. (रेल्वेकडे सोपवलेला माल हरवला तर मात्र तीन वर्षे! माणसापेक्षा गाठोड्याला अधिक सवड.) आणि या दोन्ही ठिकाणी समाधानकारक कारण दाखविल्यास विलंब माफ होऊ शकतो.

सरकारच्या बाजूने एक युक्तिवाद आहे आणि तो विचारात घेण्याजोगा आहे. नव्या व्यवस्थेत पोलिसांनी अपघाताचा अहवाल तीन महिन्यांत न्यायाधिकरणाकडे पाठवायचा असतो आणि तोच भरपाईचा अर्ज मानला जावा, असे कायदा सांगतो. म्हणजे जखमीने धावपळ करण्याची गरजच उरू नये. कल्पना उत्तम आहे. पण पोलिसांचा अहवाल वेळेत गेला नाही, तर त्याची शिक्षा कोणाला? तपास अधिकाऱ्याला नव्हे, तर अंथरुणावर पडलेल्या माणसाला. ज्याच्या हातात कागद नाही, त्याच्याच माथी मुदत मारण्याचा हा प्रकार आहे.

या तरतुदीच्या वैधतेला आव्हान देणाऱ्या याचिकांवर सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२५ मध्ये अंतरिम आदेश दिला. सुनावणी प्रलंबित असेपर्यंत केवळ मुदत उलटली म्हणून दावे फेटाळू नयेत, असे न्यायाधिकरणांना व उच्च न्यायालयांना सांगण्यात आले. हा दिलासा मोठा असला तरी तो अंतरिमच. त्याच्या भरवशावर अर्ज लांबणीवर टाकणे धोक्याचे ठरेल. कागद अपुरे असले तरी सहा महिन्यांच्या आत अर्ज दाखल करावा. अपंगत्वाचा दाखला, उपचारांची बिले मागाहून जोडता येतात. आणि न्यायालयाच्या निकालाची वाट न पाहता, सबळ कारणासाठी विलंब माफ करण्याचे १९८८ मधील साधे वाक्य संसदेला कायद्यात परत आणता येईल. त्यासाठी नवे काही लिहावेही लागणार नाही.