माईक चार जणांचा, गाव कुणाचं?

मंडळी, थोडं कडू लागेल, पण बोलतोच.

आपल्या दिंडोरी तालुक्यात द्राक्षाच्या भावावर पारावर तासभर बोलणारा माणूस ग्रामसभेत उभा राहिला की दोन वाक्यांत खाली बसतो. सरपंच बाई असेल तर बऱ्याचदा उत्तर द्यायला नवराच पुढे. 50 टक्के आरक्षणानं खुर्ची दिली, आवाज कोण देणार? कायद्यानं वर्षाला किमान 4 ग्रामसभा घ्याव्याच लागतात. बोलणारे मात्र तेच ते चार जण. मग ठराव कुणाच्या सोयीचे होणार?

यावर आपलं ठरलेलं उत्तर: "बोलणं उपजत असतं, आपल्याला नाही जमत." साफ खोटं! बोलणं सरावानं येतं. 1924 साली कॅलिफोर्नियात राल्फ स्मेडली यांनी टोस्टमास्टर्स क्लब सुरू केला तो याच विश्वासावर. पद्धत अगदी साधी. एक जण पाच-सात मिनिटं तयारीचं भाषण करतो, दुसरा आयत्या वेळी मिळालेल्या विषयावर मिनिट-दोन मिनिटं बोलतो. एक घड्याळ बघतो, एक 'अं' आणि 'म्हणजे' मोजतो, एक जण काय जमलं नि काय सुधारायचं ते तोंडावर सांगतो. सभा चालवायची पाळीही फिरती. नेतृत्व म्हणजे दुसरं काय असतं?

"हे शहरातलं इंग्रजी फॅड" म्हणणाऱ्यांनी जरा इतिहास बघावा. न्यायमूर्ती रानडे यांनी पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली ती 1875 मध्ये. नाशिकला गोदाघाटावरही वसंत व्याख्यानमाला भरते. परंपरा मोठीच आहे, पण तिथं आपण कायम श्रोते. टाळ्या वाजवायला शिकलो, उभं राहायला नाही.

त्यासाठी हजारो रुपयांचं 'व्यक्तिमत्त्व विकास' शिबिर नको. शाळेची एक खोली, आठवड्यातून एक तास, दहा माणसं. भाषा मराठी, घरची बोली असेल तर आणखी चांगलं. विषय आपलेच: नळाचं पाणी, रेशन, घरकुलाची यादी. पहिली पाळी बायकांची. बॅनर नाही, सत्कार नाही, कुठल्याच पक्षाचा झेंडा नाही.

काही पुढाऱ्यांना हे रुचणार नाही. साहजिक आहे, गाव गप्प असलं की त्यांचं भाषण लांबतं.

कोण कोण येणार? नुसता अंगठा दाखवू नका, कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. दहा जण झाले की पहिली बैठक.