दोन वाजताची जाग

वडील जाऊन महिना झाला होता. आईचा रक्तदाब तपासायला तिला रुग्णालयात घेऊन गेलो. बाहेर बाकांवर पस्तीस-चाळीस माणसे बसलेली. डॉक्टरांनी दाब पाहिला. बराच वाढला होता.

"झोप लागते का, आजी?"

"लागते, पण रात्री दोनला जाग येते. ह्यांच्या औषधाची वेळ असायची ती."

"वयाप्रमाणे असं व्हायचंच," डॉक्टर लिहिता लिहिता म्हणाले. "दाबाची गोळी वाढवून देतो, झोपेचीही एक देतो."

आईने मान हलवली.

रक्त द्यायला शेजारच्या खोलीत गेलो. सिस्टरने दंडाला पट्टा बांधताना सहज विचारले, "या वेळी आजोबा नाही आले?" आईचे डोळे भरून आले. सिस्टरने सुई बाजूला ठेवली आणि ती स्टूल ओढून बसली. "तुम्हीच करत होतात ना त्यांचं सगळं?" एवढेच म्हणाली. आई दोन मिनिटे रडली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, "माझ्या गोळ्यापण त्यांच्याच डब्यात आहेत. तो डबा उघडवत नाही मला."

म्हणजे महिनाभर आईने गोळी घेतलीच नव्हती, आणि तीच गोळी आता वाढवली जात होती! सिस्टर तडक डॉक्टरांकडे गेली. चिठ्ठी बदलली.

डॉक्टर वाईट नव्हते. उलट, नंतर त्यांनी आईची मनापासून विचारपूस केली. पण आपल्याकडे रुग्ण 'मला भीती वाटते', 'मला दुःख झालंय' असे सरळ सांगत नाहीत. ते जाग सांगतात, छातीतली धडधड सांगतात, 'आता काय राहिलंय' म्हणून हसतात. समोरून 'काही नाही हो, घाबरू नका' असे उत्तर आले, की धीर देण्याच्या नादात बोलण्याचे दारच बंद होते.

'वेळ कुठे आहे?' हे डॉक्टरांचे उत्तर खोटे नाही. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय आढाव्यात भारतातल्या प्राथमिक डॉक्टरांची एका रुग्णाशी होणारी भेट सरासरी दोन मिनिटांची आढळली. पण दुसरी बाजूही पाहायला हवी. २००० साली 'जामा' या अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात ११६ भेटींच्या ध्वनिमुद्रणाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. निम्म्याहून अधिक भेटींत रुग्णाने मनातले काही सूचित केले होते. त्याला नीट प्रतिसाद मिळाला तो शल्यचिकित्सकांकडून ३८ टक्के वेळा, तर प्राथमिक डॉक्टरांकडून अवघा २१ टक्के वेळा. आणि गंमत अशी, की जिथे ही सूचना हुकली, त्या भेटी अधिक लांबल्या. न ऐकलेली गोष्ट माणूस पुन्हा पुन्हा सांगतो, कधी डोकेदुखी म्हणून तर कधी पोटदुखी म्हणून.

२०१९ पासून आपल्या एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात वृत्ती, नीती आणि संवाद हे विषय रीतसर आले, हे चांगलेच झाले. मात्र विद्यार्थी पुस्तकापेक्षा वॉर्डात अधिक शिकतो. रडणाऱ्या बाईसमोर आपले वरिष्ठ क्षणभर थांबतात, की पुढच्या खाटेकडे वळतात, हे तो पाहत असतो. आणि त्या सिस्टरसारख्यांना, ज्यांच्याजवळ रुग्ण मोकळा होतो, त्यांनी ऐकलेले डॉक्टरांपर्यंत पोचवण्याची सोय प्रत्येक ठिकाणी असायला हवी.

पण बोट केवळ डॉक्टरांकडे कसे दाखवू? महिनाभर मीही आईला 'रडू नकोस, तब्येत सांभाळ' एवढेच सांगत होतो. त्या रात्री दोनला मी उठलो. आई स्वयंपाकघरात अंधारात बसली होती. शेजारी बसून विचारले, "बाबांना दोनला कुठली गोळी द्यायचीस गं?"

ती पहाटेपर्यंत बोलत होती. सकाळी आम्ही दोघांनी मिळून तो डबा उघडला.