‘सुखरूप’ या रकान्यातील माणसे

२ जून २०२३ रोजी ओडिशातील बालासोरजवळ तीन रेल्वेगाड्यांचा भीषण अपघात झाला. अशा दुर्घटनेनंतर मृतांची व जखमींची मोजदाद होते. आक्रोश करणाऱ्याकडे मदतीचा हात तत्काळ पोहोचतो. कडेला निश्चल बसलेला प्रवासी मात्र ‘सुखरूप’ या रकान्यात जातो. हा रकाना फसवा असू शकतो.

आघाताच्या क्षणी मन कधी कधी अनुभवापासून विलग होते. काळ थबकल्यासारखा वाटतो, दृश्य स्वप्नवत भासते, स्वतःचेच शरीर परके होते. मानसशास्त्र याला डिसोसिएशन म्हणते. त्याच्या मोजमापासाठी अमेरिकेतील चार्ल्स मार्मर व सहकाऱ्यांनी १९९०च्या दशकात एक प्रश्नावली रचली. तिच्यात १० विधाने असून प्रत्येकाला १ ते ५ गुण असतात. २००३ साली ६८ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झाले. त्यात तपासलेल्या सात घटकांपैकी याच अनुभवाचा पुढील पीटीएसडीशी, म्हणजे आघातोत्तर तणाव विकृतीशी, सर्वाधिक निकटचा संबंध आढळला.

अर्थात हा संबंधही मध्यम स्वरूपाचाच आहे. शिवाय उत्तरे स्मरणातून येतात आणि आजची वेदना कालच्या आठवणीला रंग देते. म्हणून या गुणांवरून कोणाचे भवितव्य ठरवू नये. साक्षीचा खरेखोटेपणा तर मुळीच नाही. त्यांचा योग्य उपयोग एकच: पुन्हा कोणाची विचारपूस करायची, हे ठरविणे. पीटीएसडीच्या निदानासाठी लक्षणे महिन्याहून अधिक काळ टिकावी लागतात आणि तोवर मदतपथके बहुधा परतलेली असतात.

भारतात प्रश्न भाषेचाही आहे. मूळ प्रश्नावलीतील एक विधान ‘ऑटोपायलट’ या शब्दावर उभे आहे. विमान कधी न पाहिलेल्या मजुराला त्यातून काय उमगणार? ‘हातपाय आपोआप चालत होते’ असे विचारले, तर तो क्षणात उत्तर देईल. शब्दशः भाषांतर येथे उपयोगाचे नाही; प्रत्येक भाषेतील जिवंत वाक्प्रचार शोधून ते तपासून घ्यावे लागतील.

राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने आपत्तीतील मनोसामाजिक साहाय्याची मार्गदर्शक तत्त्वे २००९ सालीच प्रसिद्ध केली. २०२२ पासून ‘टेली-मानस’ची १४४१६ ही दूरध्वनी सेवाही उपलब्ध आहे. मात्र दूरध्वनी करण्यासाठी आपल्याला मदत हवी, याची जाणीव असावी लागते. निश्चल बसलेल्या माणसाला नेमकी तीच नसण्याची शक्यता असते. त्याच्याकडून घटना वदवून घेण्याचा आग्रह नको. महिन्याभराने कोणीतरी त्याच्या दारी जावे, एवढी तजवीज शासनाने करावी.